माकडाची फांदी, सारसाची बांधी: राज्य वन्यजीव मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळ, यांस

सविनय नमस्कार.

मी गोंदिया तालुक्यातला. घरची पाच एकर धानाची शेती आणि बत्तीस वर्षं बँकेची नोकरी, एवढीच माझी ओळख. मी पक्षीतज्ज्ञ नाही, वन खात्यात माझं कोणी नाही. पण नोकरीतली सहा वर्षं माझी बदली कर्नाटकात सिरसीला होती. तिथे एक माकड पाहिलं. निवृत्त होऊन गावी आलो तर इथे सारस पाहणाऱ्यांच्या नादी लागलो. या दोन जीवांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, तरी गेली काही वर्षं ते माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसलेले आहेत. पत्र सारसासाठी आहे. सुरुवात मात्र माकडापासून करतो.

सिरसीहून सिद्दापूरमार्गे होन्नावरकडे उतरताना कत्तलेकान नावाचं एक रान लागतं. नावात 'कत्तल' ऐकून मी पहिल्यांदा दचकलो होतो. आमच्या शाखेतला शिपाई हसला. कन्नडमध्ये कत्तले म्हणजे अंधार आणि कान म्हणजे रान, अंधारं रान. नाव सार्थ आहे. भर दुपारी तिथे दिवेलागणीसारखा उजेड असतो. खाली पाणी साचलेलं, त्यातून रानजायफळाच्या झाडांची मुळं गुडघे वर काढून उभी असतात आणि वर फांदीला फांदी अशी गुंतलेली की आभाळ दिसत नाही. त्या फांद्यांमधून एक काळंभोर माकड माझ्याकडे बघत होतं. चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. सिंहपुच्छ वानर. कन्नडमध्ये त्याला सिंगळीक म्हणतात.

माकड म्हटलं की आपल्याकडे कोकणातल्या बागायतदाराच्या कपाळावर आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही. पण हे माकड त्या जातीचं नाही. ते साऱ्या जगात फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागात, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत आहे. एकूण संख्या चार हजारांच्या आत. त्याचं सगळं आयुष्य झाडावर जातं. जमिनीवर उतरणं त्याला आवडत नाही, आणि त्याची अडचण नेमकी इथेच आहे. मध्ये पन्नास मीटरचा रस्ता आला, चहाचा मळा आला, तर आपण म्हणू, पलीकडे जंगल आहेच की. त्याच्यासाठी मात्र जंगल तिथे संपलं. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि दुसरं व्हायला अडीच-तीन वर्षं जातात. म्हणजे एखादी टोळी फुटली, दोन-चार माद्या गेल्या, तर ती घट भरून निघायला माणसाची अर्धी नोकरी संपते.

हे माकड देशाला माहीत झालं ते केरळातल्या सायलेंट व्हॅलीमुळे. कुंतिपुळा नदीवर वीज प्रकल्पासाठी धरण व्हायचं होतं. शिक्षक, कवी, शास्त्रज्ञ सगळे विरोधात उभे राहिले आणि सिंहपुच्छ वानर त्या लढ्याचा चेहरा झालं. शेवटी धरण रद्द झालं आणि 1984 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातसुद्धा सांगतात. मला वाटतं, आपल्या संवर्धनाच्या डोक्यात तीच गोष्ट घट्ट बसली आहे. एक जंगल, एक जनावर, एक खलनायक धरण, आणि शेवटी नकाशावर एक हिरवी रेघ. रेघ आखली की प्राणी वाचला.

सिरसीत मी जे पाहिलं ते असं नव्हतं. सिरसी-होन्नावरच्या रानात या माकडाच्या तीसेक टोळ्या आहेत हे अभ्यासकांच्या लक्षात आलं ते या शतकाच्या सुरुवातीला. आणि ते रान काही निर्मनुष्य नाही. घाटातल्या प्रत्येक खोऱ्यात सुपारीच्या बागा आहेत. त्या बागांना पालापाचोळ्यासाठी जंगलाचा तुकडा लावून दिलेला असतो, त्याला तिथे बेट्टा म्हणतात. पावसाळ्यात लोक उप्पागे गोळा करतात, आपल्या आमसुलाचा सख्खा चुलतभाऊच तो. ते फळ माकडालाही हवं असतं. अशा जागी अभयारण्य केलं असतं तर गावंच्या गावं विरोधात गेली असती. म्हणून 2011 मध्ये तिथे अघनाशिनी सिंहपुच्छ वानर संवर्धन राखीव क्षेत्र करण्यात आलं, सुमारे 300 चौरस किलोमीटरचं. 'संवर्धन राखीव' हा प्रकार वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनं आला. त्यात लोकांचे हक्क तोडावे लागत नाहीत. आमच्या शाखेत कर्जाला येणारे सुपारीवाले त्याबद्दल कुरकुर करायचे, पण भांडायचे नाहीत. खेड्यात कुरकुर आणि भांडण यांत फार अंतर असतं, ते बँकवाल्याला बरोबर कळतं.

तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. 2019 मध्ये ते राखीव क्षेत्र शेजारच्या शरावतीच्या खोऱ्यातल्या अभयारण्यात मिळवून टाकलं आणि अभयारण्याला या माकडाचंच नाव दिलं. त्या शरावतीच्या खोऱ्यातच 2000 मेगावॉटचा पंप्ड स्टोरेज प्रकल्प, म्हणजे पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडून वीज करायचा प्रकल्प, आणायचं चाललं आहे. सायलेंट व्हॅलीला चाळीस वर्षं होऊन गेली तरी धरण पुन्हा त्याच माकडाच्या दारात. पण ते कर्नाटकानं बघावं. मी आपल्या घरचं बोलतो.

आता सारस. मंडळाच्या सदस्यांना तो कसा दिसतो हे सांगायची गरज नसावी, पण बैठकीच्या टिपणात तो 'प्रजाती क्रमांक अमुक' होऊन येतो म्हणून सांगतो. उभा राहिला की माणसाच्या उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच. राखाडी अंग, लाल डोकं आणि मान. जोडी जमली की बहुधा जन्मभराची. जहांगीर बादशहानं पाळलेल्या जोडीचं नाव लैला-मजनू ठेवलं होतं. रात्री मादी अंड्यांवर बसते आणि नर पहारा देतो, हे त्यानं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. चारशे वर्षांपूर्वी एका बादशहाला जे बघायला सवड होती ते आपल्याला नाही, असो.

कागदावर पाहिलं तर माकडाची हालत जास्त वाईट आहे. आंतरराष्ट्रीय यादीत ते 'संकटग्रस्त' आहे आणि सारस त्याच्या एक पायरी खाली, 'असुरक्षित'. एकट्या उत्तर प्रदेशात वीस हजारांच्या घरात सारस आहेत, तिथला तो राज्यपक्षी आहे. म्हणून कोणी म्हणेल की सारसाची एवढी काय घाई? घाई अशी की महाराष्ट्रात सारस पन्नाशीच्याही आत आहेत. गोंदियात बहुतेक, भंडाऱ्यात चार-दोन आणि चंद्रपुरात क्वचित. सिरसीच्या रानातल्या दोन-तीन टोळ्या एका झाडावर बसल्या तर तेवढी माकडं होतील जेवढे आपल्या सबंध राज्यात सारस आहेत. जगाच्या यादीतला दर्जा पाहून राज्याची निकड ठरवू नये, ही माझी पहिली विनंती.

दुसरी गोष्ट या पत्राचा गाभा आहे.

सिंहपुच्छ वानर जंगल सोडून राहू शकत नाही. सारस जंगलात जातच नाही. पावसाळ्यात रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपली, बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वाफ्यात, पाणी उभं राहिलं की सारसाची जोडी धानातच जागा निवडते. आजूबाजूचं गवत, धानाची रोपं ओढून पाण्यात ढीग रचते आणि त्यावर बहुधा दोन अंडी घालते. महिनाभर उबवते. पिल्लं बाहेर आली की एक-दोन दिवसांत आईबापांमागे चालू लागतात. म्हणजे हा पक्षी आपली सगळी पुढची पिढी अशा जमिनीवर ठेवतो जिचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात कितीही कोटी घाला, सारसाचं एक अंडंसुद्धा त्यातून वाचणार नाही. त्याचं भवितव्य ठरतं ते जुलै ते सप्टेंबर या काळात, एखाद्या शेतकऱ्याच्या मनात. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून तो ढिगाकडे बघतो आणि ठरवतो: राहू द्यावं की काढून टाकावं.

बहुतेक जण राहू देतात. हे लिहून ठेवावं असं मला वाटतं, कारण शेतकऱ्याचं नाव फक्त सारसाला विषबाधा झाल्याच्या बातमीत येतं. उत्तर प्रदेशात इटावा-मैनपुरीच्या शेतीत सारसांवर झालेल्या अभ्यासातूनही हेच निघालं की माणसांनी गजबजलेल्या शेतात हा पक्षी टिकला तो शेतकऱ्यांनी त्याला चालवून घेतलं म्हणून. मग नडतं कुठे? माझ्या चुलतभावाच्या बांधीत घरटं झालं होतं तेव्हा मी त्याला विचारलं, कोणाला सांगितलंस का? तो म्हणाला, "सारस नाई नडत गा, सारस पाहाले येनारे नडतेत." खाटेएवढी जागा गेल्याचं त्याला काही वाटत नव्हतं. त्याला भीती होती ती मोटारसायकली धुऱ्यावर येतील, कॅमेरेवाले धान तुडवतील, कोणीतरी साहेब येऊन म्हणेल की आता इथे फवारणी बंद. आणि तुडतुडे पडलेल्या धानावर फवारणी बंद म्हणजे काय, हे ज्याचं पोट त्या धानावर आहे त्यालाच माहीत.

म्हणून सांगतो, सारसासाठी अभयारण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडून द्यावा. इथे अघनाशिनीचं संवर्धन राखीवसुद्धा चालणार नाही, कारण ते सरकारी जमिनीवर करायचं असतं. कायद्यात 'सामुदायिक राखीव' असाही एक प्रकार आहे, खासगी आणि गावाच्या जमिनीसाठी, लोक स्वतःहून पुढे आले तर. पण त्याचीही पाटी लावायची घाई नको. आधी घरट्याचा मोबदला सुरू करा. नुकसानभरपाई नव्हे, मोबदला. दोन्हींत फरक आहे. भरपाईला पंचनामा लागतो, तलाठी लागतो, तीन फेऱ्या लागतात आणि पैसे पुढच्या रोवणीपर्यंत येत नाहीत. मोबदला म्हणजे घरटं दिसल्याबरोबर एक हप्ता आणि पिल्लं उडती झाली की दुसरा, थेट खात्यात. बँकेत बत्तीस वर्षं काढलेला माणूस सांगतो, एवढं करायला संगणकाचं एक बटण पुरतं. राज्यात अशी घरटी किती असणार? बोटांवर मोजण्याइतकी. त्या रकमेपेक्षा मोठा खर्च एका वाघाला बेशुद्ध करून हलवण्यावर होतो, आणि त्याला कोणी नाही म्हणत नाही, म्हणूही नये.

कंबोडियात याच्याही पुढे गेले आहेत. तिथे पक्षी राखणाऱ्या गावांचं तांदूळ वेगळ्या नावानं, चढ्या भावानं विकलं जातं. त्या रानात सारसही आहे. गोंदिया म्हणजे धानाचं कोठार, राईस मिलांचं गाव. सारसाच्या बांधीतला तांदूळ म्हणून पुण्या-मुंबईत चार पैसे जास्त द्यायला लोक तयार होतील, माझी खात्री आहे. निदान आंब्याच्या पेटीवर 'देवगड' लिहून जे चालतं त्यापेक्षा हे खरं असेल. गुजरातेत खेडा जिल्ह्यात गावोगावी सारस राखणारे गट केले आणि संख्या काही वर्षांत दुपटीहून वाढली. गंमत म्हणजे त्यामागे पैसा आहे एका कृषिरसायन कंपनीचा. पैशाला रंग नसतो, पण या बाबतीत वास असू शकतो. तरी काम झालं, हे मान्य करावं लागतं.

घरटं धानात असलं तरी सारस वर्षभर धानात नसतो. कापणी झाली की तो तलावांवर येतो. परसवाडा, झिलमिली ही नावं आमच्याकडे पक्षी पाहणाऱ्या पोरांना पाठ आहेत. आणि इथे माझ्या डोक्यातलं ते माकड पुन्हा वर येऊन बसतं. तमिळनाडूत वालपराईच्या डोंगरात चहा-कॉफीच्या मळ्यांनी वेढलेल्या जंगलाच्या तुकड्यात सिंहपुच्छ वानरं अडकली आहेत. रस्ता ओलांडताना गाडीखाली यायची, म्हणून तिथे झाडांच्या शेंड्यांना जोडणारे झुलते पूल बांधले. तुटलेली फांदी माणसानं दोरखंडानं जोडून दिली. सारसाची फांदी म्हणजे बांधी आणि तलाव यांच्यामधलं अंतर. पिल्लांना घेऊन पायी जाता येईल एवढ्यावर उथळ पाणी हवं. ते नसलं तर चांगलं घरटंही फुकट.

आमच्या भागातले हे तलाव नैसर्गिक नाहीत. कोहळी समाजानं ते बांधले, नवेगावचा बांध तर कोलू पाटलाच्या नावानं ओळखला जातो. मालगुजारी, म्हणजे इकडची जुनी जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी'चं 'मामा' झालं. मामाचं घर म्हणून जो तो येतो आणि थोडं थोडं घेऊन जातो. काठावर अतिक्रमण, पाण्यात बेशरम नावाचं तण, आणि आता गाळ काढण्याचा उत्साह. गाळ काढू नका असं मी म्हणत नाही, शेतात गाळ टाकलेला मलाही हवा आहे. पण पोकलेन आणून तलावाची सरसकट परात केली जाते, कडेला सरळ भिंत. ज्या उथळ, गवताळ काठावर सारस चरतो, कंद उकरतो, रात्री पाण्यात उभा राहतो, तो काठच जातो. नकाशात तलाव, पाणीसाठा वाढलेला, अहवाल उत्तम, आणि सारसाला उभं राहायला जागा नाही. गाळ काढण्याच्या अंदाजपत्रकात 'काठाचा इतका भाग सोडावा' ही एक ओळ घालायला पैसा लागत नाही. अर्जुनी मोरगावकडे ढीवर समाजाच्या बायकांनी हातानं बेशरम उपटून तलावात देशी पाणवनस्पती लावल्या, मासे परत आले. तलाव कसा दुरुस्त करायचा हे ज्यांना येतं त्या बायका आपल्याच राज्यात आहेत. त्यांना समितीवर घ्या. प्रवासभत्ता वेळेवर द्या.

तारांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याबद्दल नवीन सांगण्यासारखं काही नाही. एवढ्या मोठ्या पंखांचा पक्षी सकाळी धुक्यात तलावावरून उठतो आणि विजेच्या तारांत अडकतो. गोंदियात सारस असे मेले आहेत. 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली, त्यातून जिल्ह्यांत समित्या झाल्या, तारांचा आणि कीटकनाशकांचा विषय न्यायालयात आला. पक्ष्यासाठी न्यायाधीशाला पेपर वाचून जागं व्हावं लागलं. मंडळाला अध्यक्ष म्हणून खुद्द मुख्यमंत्री असतात, वीज कंपनी सरकारची, जिल्हा परिषद सरकारच्या पैशावर चालणारी. सारसांच्या मोजक्या तलावांभोवतालच्या तारा जमिनीखाली घालणं किंवा त्यांवर दिसतील अशा खुणा लावणं, एवढ्यासाठी कोणाला कोर्टात जावं लागू नये.

आणखी एक. बाघ आणि वैनगंगा ओलांडली की बालाघाट. तिथेही सारस आहेत आणि ते आपलेच, म्हणजे सारसाच्या लेखी आपलं-तुपलं नाही. सकाळी मध्य प्रदेशात, दुपारी महाराष्ट्रात. सिंहपुच्छ वानराची टोळी आपल्या रानातच राहते, सारसासारखी रोज दोन राज्यांत ये-जा करत नाही. इथे एका काठावर घरट्याला मोबदला आणि दुसऱ्या काठावर काहीच नाही, असं चालणार नाही. बालाघाटच्या जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र मंडळाकडून जावं. गोंदियाच्या 'सेवा' संस्थेची पोरं दोन्हीकडे गणना करतातच, त्यांना बोलावलं तर नकाशा घेऊन येतील.

गणनेवरून आठवलं. गणना उन्हाळ्याच्या शेवटी होते, पक्षी तलावांवर गोळा झालेले असतात तेव्हा. आकडा छापून येतो, दोनानं वाढला की अभिनंदन, तीनानं घटला की चिंता. पण उन्हाळ्यात मोजलेले पक्षी म्हातारे आहेत की तरुण, हे त्या आकड्यात दिसत नाही. सारस दीर्घायुषी आहे. दहा वर्षं एकही पिल्लू जगलं नाही तरी आकडा बरा दिसू शकतो आणि मग एकदम कोसळतो. माकडाच्या टोळीत पिल्लू आईच्या पोटाला चिकटलेलं असतं, मोजणाऱ्याला लगेच दिसतं की टोळी वाढती आहे की नाही. सारसाच्या बाबतीत ते बघायला चिखल तुडवत बांधीत जावं लागतं. तेव्हा मंडळाच्या टिपणात यापुढे दोन आकडे असावेत: किती सारस, आणि त्या वर्षी उडती झालेली पिल्लं किती. दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

मंडळाच्या बैठका मुंबईत होतात, ते सोयीचंही असेल. पण या विषयावरची एक बैठक ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात गोंदियाला ठेवावी, अशी माझी विनंती आहे. रोवणी आटोपलेली असते, जिल्हाधिकारी कार्यालयाचं सभागृह चांगलं आहे, आणि मुंबईहून रात्रभर प्रवास करून येणारी विदर्भ एक्सप्रेस दुपारच्या आत पोचते. दुपारनंतर दोघा-तिघांनीच, गाड्या रस्त्यावर ठेवून, पायी चुलतभावाच्या शेतापर्यंत यावं. धुऱ्यावर न चढता लांबून घरटं कसं बघायचं ते तो दाखवील. कॅमेरे मात्र आणू नयेत, त्याची तेवढी एकच अट आहे.

कळावे,

आपला,
गोंदिया तालुक्यातला एक धान उत्पादक आणि निवृत्त बँक कर्मचारी